नवरीचे फोटो आणि ‘पाठव’वरचा आळ

नवतपा लागून दुसरा दिवस होता. दुकानातला कूलर हवा कमी आणि वाफच जास्त फेकत होता. नागपूरच्या बडकस चौकातून आत शिरलं की एका गल्लीत माझं अल्बम डिझाइनचं दुकान आहे. दोन कम्प्युटर, एक लॅमिनेशनचं मशीन आणि लग्नसराईत टेबलाखालीसुद्धा हार्ड डिस्क. भर दुपारी उमरेडकडच्या एका फोटोग्राफरचा फोन आला.

“ताई, तुमचं ते सॉफ्टवेअर जासूस निघालं ना!”

“काहून? काय झालं?”

“लॅपटॉप लाल डब्बा दाखवून राहिला. ट्रोजन म्हणते. अन् नवरीचा भाऊ इथंच बाजूला बसून आहे.”

माझ्या तोंडून सवयीनं जे निघायचं तेच निघालं. “काही नाही हो, खाली ‘अलाउ’ असेल, ते दाबा.” फोन स्पीकरवर होता हे मला माहीत नव्हतं. पलीकडून एक आवाज आला, “म्हणजे कुत्रा भुंकून राहिला तर कुत्र्यालेच बांधून टाका म्हणते काय तुमची ताई?”

मी गप्प. खरं तर हसू आलं होतं, पण हसण्याची वेळ नव्हती. त्याच्या बहिणीच्या हळदीचे, मेंदीचे, घरातल्या बायकांचे सगळे फोटो त्या लॅपटॉपमध्ये होते, आणि मशीन त्याला सांगत होतं की इथे ट्रोजन, म्हणजे साध्या प्रोग्रॅमचं सोंग घेऊन शिरलेला एक हेर बसलाय.

आता हे सॉफ्टवेअर म्हणजे काय ते सांगते. एका लग्नाचे फोटो म्हणजे चाळीस-पन्नास जीबी. पूर्वी सगळे पेनड्राइव्ह आणायचे आणि सोबत शॉर्टकट व्हायरस आणायचे. फोल्डर उघडायला जावं तर सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले. मग काही वर्षं फायली पाठवायचं शेअरइट हे अॅप चाललं. २९ जून २०२०ला केंद्र सरकारनं ५९ अॅप्सवर बंदी घातली, त्यात शेअरइटही गेलं आणि झेंडरही. लॉकडाऊनमध्ये लग्नं नव्हती, अल्बम नव्हते, हातात वेळच वेळ. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचं मुलाचं पुस्तक घरात पडलेलं होतं. त्यावरून खटपट करून मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि त्याचं नाव ठेवलं ‘पाठव’. फोटोग्राफरच्या लॅपटॉपवर तो बसतो. फोटोग्राफर दुकानात आला, माझ्या वायफायला जोडला गेला, की नवे फोटो आपोआप माझ्या डिस्कवर यायला लागतात. तोवर तो समोरच्या ठेल्यावर तर्री पोहे खाऊन येतो. उमरेड, काटोल, सावनेर, मौदा मिळून वीस-बावीस जण वापरत होते. कोणाचीही कधी तक्रार नव्हती. म्हणजे लाल डब्ब्याची.

त्या रात्री जेवणं उरकल्यावर मी ‘पाठव’ची फाइल व्हायरसटोटलवर टाकली. ही सेवा २००४ मध्ये स्पेनमधल्या मालागात सुरू झाली, २०१२ मध्ये गूगलनं ती घेतली. तुमची फाइल ती एकाच वेळी सत्तरच्या आसपास अँटिव्हायरस इंजिनांना दाखवते. (तिथे टाकलेली फाइल सुरक्षा कंपन्यांपर्यंत पोहोचते. त्यामुळे प्रोग्रॅम टाका, गिऱ्हाइकाचे कागद किंवा फोटो कदापि टाकू नका.) माझ्या फाइलवर नऊ इंजिनं लाल. नवऱ्यानं मागून डोकावून विचारलं, “नऊ जण खोटं बोलतील का?” घरोघरी असा एक न्यायाधीश असतोच.

पण नऊ म्हणजे नऊ स्वतंत्र साक्षीदार नव्हेत. बऱ्याच कंपन्या दुसऱ्याचं इंजिन विकत घेऊन आपल्या नावानं चालवतात. निकालांची नावं नीट वाचली तर चार ठिकाणी अक्षरशः एकच नाव होतं. आणि बहुतेक नावांत ‘जेन’ (जेनेरिक, सर्वसाधारण) किंवा ‘ह्युर’ (ह्युरिस्टिक, अंदाजानं) असं काहीतरी. म्हणजे ‘हा अमुक व्हायरस आहे’ असं कोणीच म्हणत नव्हतं. ‘तशा जातीचा वाटतो’ एवढंच.

मग मी एक प्रयोग केला. एका ओळीचा प्रोग्रॅम लिहिला. चालवला की ‘नमस्कार नागपूर’ छापतो आणि बंद होतो, बाकी काही नाही. तोही ‘पाठव’सारखाच पायइन्स्टॉलर वापरून एका फाइलीत बांधला आणि तपासायला टाकला. सहा इंजिनांनी त्यालाही ट्रोजन ठरवलं. नमस्कार करणाऱ्याला!

कारण मुळात साधं आहे. पायथनमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्याच्या विंडोजवर चालावा म्हणून पायइन्स्टॉलर त्याच्यासोबत अख्खं पायथन गुंडाळून देतं. एकच फाइल करायची म्हटलं तर ती फाइल चालवताना सगळं सामान टेम्प, म्हणजे तात्पुरत्या फायलींच्या फोल्डरमध्ये मोकळं करते आणि तिथून चालू होते. स्वतःच्या पोटातून काहीतरी काढून टेम्पमधून चालवणं ही व्हायरसांची जुनी खोड. शिवाय त्या गुंडाळीचा सुरुवातीचा तुकडा तयार मिळतो, तो जगभर सगळ्यांच्या प्रोग्रॅममध्ये सारखाच. हेरगिरीचे प्रोग्रॅम लिहिणारेही तोच वापरतात, फुकट आहे ना. दोघांनी एकाच शिंप्याकडून शर्ट शिवला म्हणून पोलिसांनी दोघांनाही उचलावं, तसं झालं. वरून माझ्या फाइलवर कुठल्या कंपनीची डिजिटल सही नाही. त्या सहीच्या सर्टिफिकेटला दरवर्षी हजारो रुपये लागतात. आणि ही फाइल जगात वीस-बावीस मशीनवरच. अनोळखी, बिनसहीची, टेम्पमधून चालणारी. मी अँटिव्हायरस असते तर मीही हटकलं असतं.

आपल्यासारख्या लहान माणसांचंच असं होतं असं नाही. २१ एप्रिल २०१०ला मॅकअॅफी या अँटिव्हायरस कंपनीच्या एका अपडेटनं विंडोज एक्सपीचीच ‘एसव्हीसीहोस्ट’ फाइल व्हायरस ठरवली, आणि ठिकठिकाणचे कम्प्युटर बंद-चालू, बंद-चालू करत बसले. सप्टेंबर २०१२ मध्ये सोफोस या दुसऱ्या अँटिव्हायरस कंपनीनं तर स्वतःचाच अपडेटर पकडला.

हे सगळं नवऱ्याला समजावून मी विजयी मुद्रेनं झोपायला गेले. झोप लागली नाही. गरमी होतीच, पण दुसरंही एक होतं.

२००३ मध्ये मी नंदनवनमधल्या एका सायबर कॅफेत बसायचे. तासाला पंधरा रुपये, प्लायवूडचे खोके, दाराऐवजी पडदे. तेव्हा प्रत्येक मशीनवर काझा असायचं. गाणी उतरवायला पोरं यायची, आणि काझासोबत सायडोर नावाचं जाहिरातींचं सामान यायचं. चार दिवसांत मशीन बैलगाडी. माझं काम रोज रात्री लावासॉफ्टचं अॅड-अवेअर आणि पॅट्रिक कोला यांचं स्पायबॉट फिरवून सगळं साफ करायचं. सकाळी पोरं ओरडायची, “दीदी, काझा चालू नाही हो रहा!” कारण सायडोरची ‘सीडी_क्लिंट’ नावाची फाइल जागेवर नसेल तर काझा सुरूच व्हायचं नाही. त्यावर लोकांनी इलाज काढला होता. त्याच नावाची एक पोकळ फाइल मिळायची, जी काहीच करत नाही. ती तिथे ठेवली की काझाला वाटायचं सायडोर आहे. आणि माझ्याकडचं एक स्कॅनर त्या पोकळ फाइलीलाही हेर म्हणून पकडायचं, नाव तेच म्हणून. मी रोज रात्री बुजगावणं उभं करायचे आणि स्कॅनर ते रोज उपटून टाकायचं. शेवटी मी त्या स्कॅनरला एकदाच सांगून टाकलं की या नावाकडे दुर्लक्ष कर. दोन-तीन आठवड्यांनी कोणीतरी काझा नव्यानं टाकलं. खरी सायडोर त्याच नावानं परत आली, बुजगावण्याच्या जागी जाऊन बसली आणि स्कॅनर शहाण्यासारखं गप्प राहिलं. मी सांगितलं होतं ना.

पंख्याकडे बघत पडल्यावर हेच आठवलं. वीस-बावीस फोटोग्राफरांना मी ‘अलाउ दाबा’ शिकवलं होतं. नव्या लॅपटॉपवर फायरवॉल ‘याला नेटवर्क वापरू द्यायचं का’ विचारायची तेव्हा तर मी स्वतः माउस हातात घेऊन दाबायचे.

मार्च २०१६ची गोष्ट. ट्रान्समिशन हे मॅकवरचं टॉरेंट सॉफ्टवेअर, चांगलं नावाजलेलं. त्याच्या स्वतःच्या वेबसाइटवरून उतरवलेल्या २.९० आवृत्तीत कीरेंजर नावाचं रॅन्समवेअर निघालं. तीन दिवस गप्प बसायचं, मग फायली कुलूपबंद करून एक बिटकॉइन मागायचं. आणि त्यावर अॅपलच्या डेव्हलपर सर्टिफिकेटची वैध सही होती, म्हणून मॅकच्या दारवानानं आत सोडलं. माझ्याकडे नाही तीच सही! तेव्हा सही नाही म्हणून मी चोर ठरत नाही हे जितकं खरं, तितकंच सहीवाला साव ठरत नाही हेही खरं. मग मशीननं बघायचं तरी काय?

सकाळी दुकान उघडल्यावर मी कागद घेतला आणि ‘पाठव’ काय काय करतो ते ओळीनं लिहून काढलं, जणू दुसऱ्याच कोणाचा प्रोग्रॅम आहे. लॅपटॉप सुरू होताच न विचारता सुरू होतो. खिडकी नाही, घड्याळाशेजारी साधं चिन्हही नाही, कारण ते करायचा मला कंटाळा आला होता. फोल्डरवर पाळत ठेवतो. नवी फाइल दिसली आणि ओळखीचं वायफाय मिळालं की दुसऱ्या मशीनवर पाठवतो. सोबत कम्प्युटरचं नाव आणि वापरणाऱ्याचं नावही, माझ्याकडे कोणाचे फोटो ते कळावं म्हणून.

हे वाचून मला घाम फुटला, कूलरसमोर बसून. हेरगिरीच्या सॉफ्टवेअरचं वर्णन याहून वेगळं काय असतं? मालकाला माहीत आहे आणि त्यानं हो म्हटलंय, एवढाच फरक. तो फरक फाइलीच्या आत कुठंही लिहिलेला नसतो. इंजिनाला दिसतं ते एवढंच: लपून बसतो, बघतो, पाठवतो.

आणि मालकाला खरंच माहीत होतं का? फोल्डर निवडलं नाही तर ‘पाठव’ अख्खं पिक्चर्स फोल्डर धरायचा. गेल्या वर्षी सावनेरच्या एका दादांच्या लॅपटॉपमधून साखरपुड्याच्या फोटोंसोबत त्यांच्या आईचं आधार कार्ड आणि मुलीची दहावीची गुणपत्रिका माझ्या डिस्कवर येऊन पडली होती. गणितात ९४. मी ते डिलीट केलं, आणि पोरगी हुशार आहे हो, असंही त्यांना म्हटलं नाही. म्हणजे मला काय सापडलं ते मी त्यांना सांगितलंच नाही. तेव्हा त्यात मला काही वाटलंही नव्हतं.

नऊ इंजिनांनी मला पकडलं ते चुकीच्या कारणानं, हे मी अजूनही म्हणते. ‘नमस्कार नागपूर’ला पकडणाऱ्याला माझी पाळत दिसली असेल, हे शक्यच नाही. पण नवरीच्या भावाचा प्रश्न चुकीचा नव्हता. त्याला मी संध्याकाळी स्वतः फोन केला. तासभर बोललो. पहिली वीस मिनिटं त्यानं चांगलंच सुनावलं. मग म्हणाला, “तुमच्याकडे काय काय आलं ते मले येऊन पाहू द्या.” आला, पाहिलं, लिंबू सरबत न घेता गेला.

मग दुरुस्ती. एका फाइलीऐवजी साध्या फोल्डरच्या रूपात बांधलं, टेम्पचा खेळ बंद. पायइन्स्टॉलरचा तो सुरुवातीचा तुकडा तयार न घेता माझ्या मशीनवर नव्यानं कम्पाइल केला. आपोआप सुरू होणं काढून टाकलं. खिडकी दिली, चिन्ह दिलं, फोल्डर निवडल्याशिवाय काम सुरूच होत नाही असं केलं. लाल करणाऱ्या कंपन्यांना ‘चुकीचं निदान’ म्हणून फाइल पाठवली. प्रत्येकीच्या साइटवर त्यासाठी अर्ज असतो. काहींची दोन-तीन दिवसांत उत्तरं आली, निदान मागे घेतलं. काहींनी साधी पोचही दिली नाही. नऊवरून दोनवर आले. पुढच्या आवृत्तीत एक ओळ बदलली आणि पुन्हा चार झाले, कारण फाइल बदलली की तिची ओळख नवी. शाळेच्या दाखल्यावर नाव लागलं आणि बारशालाच पुन्हा बोलावलं.

आता लाल डब्बा आला तर अलाउ दाबू नका, मला फोन करा, असं मी सगळ्यांना सांगून ठेवलंय. परवा उमरेडवाले आले होते. पोहे थंड होत होते आणि ते लॅपटॉपसमोर अडकून बसलेले. खिडकी विचारत होती: ‘अल्बम’ फोल्डरमधले ६१२ फोटो या दुकानाला पाठवू? फोल्डरमध्ये फोटो नसलेल्या ३ फायली आहेत, त्या वगळू?

“ताई,” ते म्हणाले, “पहिलेचंच बरं होतं. हे तर येता-जाता विचारूनच राहिलं.”