भिंत वाळू दे आधी!

नव्या पेठेतल्या जुन्या फ्लॅटचा हॉल आज सगळ्यांनी मिळून खरवडला. डिस्टेंपरखाली चुना, चुन्याखाली परत निळा चुना, किती थर निघावेत राव! दाजींचं एकच, बाथरूमच्या पाइपची गळती बंद करून भिंत पूर्ण वाळल्याशिवाय पुट्टी लावायची नाही, नाहीतर पोपडे येणारच, आणि बरोबरच आहे त्यांचं, पण आमच्या पोरांना दम कुठाय, शेवटी जिथं ओल नाही तिथंच पहिला हात मारला. शहाबादी फरशी खराब होऊ नये म्हणून कुणीतरी चांगल्या सोलापुरी चादरी अंथरल्या, आई जाम भडकली. नळाला पाणी नव्हतं, मावशीकडनं कॅन आणले. जेवायला कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. इलेक्ट्रिशियन उद्या येतो म्हणालाय, बघू.