कार्बोरेटर बदलण्याआधी व्हॅक्यूमचे पाइप बघा: माझा अनुभव

आमची मारुती एस्टीम १९९८ची, कार्बोरेटरवाली, म्हणजे हवा-पेट्रोलचं मिश्रण कार्बोरेटर करतो. गेल्या पावसाळ्यापासून तिचं आयडलिंग (गाडी उभी असताना इंजिनाचं हळू चालणं) बिघडलं होतं. मालवणहून कसालपर्यंत काही तक्रार नाही, पण कसाल तिठ्यावर हायवेला लागायला थांबलं की थरथरायची आणि बंद पडायची. मागून एसटीचा हॉर्न, बाजूला सौ.चा चेहरा. एका गॅरेजवाल्याने आयडलचा स्क्रू पिळून आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) वाढवून दिला. थोडे दिवस बरे गेले, मग पुन्हा तेच. वर पेट्रोलही जास्त प्यायला लागली. दुसऱ्याने सरळ सांगितलं, कार्बोरेटर बदला.

शेवटी आमच्या वाडीतल्या मिस्त्रीकाकांना बोलावलं. दुकान कधीच बंद केलंय, पण जुनी गाडी म्हटली की येतात. त्यांनी डिस्ट्रिब्युटरकडे (स्पार्क प्लगांना ठिणगी वाटणारा भाग) जाणारा बारीक काळा पाइप दोन बोटांत धरून वाकवला. वरून धडधाकट दिसणाऱ्या त्या पाइपाला निपलच्या (पाइप चढतो त्या टोकाच्या) तोंडाशी केसाएवढ्या चिरा उघडल्या. म्हणाले, "आधी पायप बघूया, मगे कार्बोरेटराक हात लावया."

आयडलवर थ्रॉटल (हवेची झडप) जवळजवळ बंद असतो आणि पिस्टन हवा ओढतच असतात, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत) व्हॅक्यूम, म्हणजे ओढ, तयार होतो. इंजिन ठणठणीत असेल तर साधारण १८ ते २० इंच पारा, हे व्हॅक्यूमचं माप. ब्रेकचं पेडल हलकं करणारा बूस्टर त्याच्यावरच चालतो. पीसीव्हीचा पाइप क्रँककेसमधली (इंजिनाच्या खालच्या पेटीतली) वाफ ओढून घेतो तोही त्याच्याच जोरावर. कुठे चीर पडली की न मोजलेली हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), गाडी थरथरते. डिस्ट्रिब्युटरचा पाइप फुटला तर चालत्या गाडीला टायमिंगचा ॲडव्हान्स (ठिणगी थोडी आधी पडणं) पुरता मिळत नाही. पेट्रोल का वाढलं त्याचं उत्तर इथे होतं. स्क्रू पिळून यातलं काहीच बरं होत नाही, फक्त लक्षण झाकलं जातं.

गळती शोधायला काकांनी हातभर लांबीची रबरी नळी घेतली. एक टोक कानाला, दुसरं चालू इंजिनवर जोडाजोडांपाशी फिरवायचं, फॅन आणि बेल्टपासून दूर राहून. पीसीव्हीच्या कोपऱ्याखाली (वळलेल्या पाइपाखाली) स्पष्ट 'सूंऽऽ' ऐकू आलं. हा कोपरा वरून चकचकीत, पण खालची बाजू तेलाने फुगून चिरली होती. तिथे साबणाचं पाणी मारलं तर क्षणभर इंजिन शांत चाललं. बरेच जण यासाठी कार्ब क्लीनर फवारतात. काकांनी मला तो डबा हातातही घेऊ दिला नाही, आणि बरोबरच आहे: तापलेल्या एक्झॉस्टशेजारी पेटणारा स्प्रे कशाला?

बूस्टरही तपासला. इंजिन बंद ठेवून पेडल घट्ट होईपर्यंत दाबत राहायचं, मग पाय दाबून ठेवूनच स्टार्टर मारायचा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. आमचं गेलं, पण काकांनी तोही पाइप बदलायला लावला. फोंडा घाट उतरताना ब्रेक दगड झाले तर काय करणार, हा त्यांचा प्रश्न.

सामानासाठी कुडाळ गाठलं, जुने तुकडे पिशवीत घालून. नुसतं "व्हॅक्यूम पाइप द्या" म्हटलं की दुकानदार हाताला येईल ती नळी देतो. मला पारदर्शक प्लास्टिकची दाखवली होती. ती उष्णतेने मऊ पडते आणि आतल्या ओढीने चपटी होते. आतला व्यास जुन्याइतकाच हवा आणि भिंत जाड हवी. रंगीत सिलिकॉनचे पाइप दिसायला झकास, पण तेलाच्या आणि पेट्रोलच्या वाफेपुढे टिकत नाहीत, म्हणून पीसीव्हीला नकोच. तो साच्यातला कोपरा कोल्हापूरहून मागवावा लागला. बूस्टरचा पाइप चेक व्हॉल्व्हसकट (हवा एकाच दिशेने सोडणारी झडप) घेतला.

बदलताना नियम एकच: एक काढा, तिथे एक लावा, मगच पुढचा. सगळे एकदम उपटले की कुठला कुठे, हा घोळ. मोबाइलवर फोटो काढले होते, तरी नियम पाळलाच. चिकटलेला पाइप ओढायचा नाही, निपल मोडतं. ब्लेडने लांबीत अलगद चिरायचा आणि सोलून काढायचा. खरा वेळ खाल्ला तो क्लिपांनी. आमच्या खाऱ्या हवेत त्या इतक्या गंजल्या होत्या की पक्कड लावताच दोन तुकडे. नव्या सगळ्या स्टेनलेसच्या घातल्या. चेक व्हॉल्व्ह बसवण्याआधी तोंडाने फुंकून पाहिला: बूस्टरकडून इंजिनकडे हवा जाते, उलटी नाही.

गाडी चालू केली तर आरपीएम एकदम वर! तो आधी पिळलेला स्क्रू. काकांनी तो मागे घेऊन ८५०च्या आसपास आणला. सगळा खर्च कार्बोरेटरच्या मानाने किरकोळ.

शेजाऱ्यांच्या एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणाऱ्या) गाडीचं आयडल उलट वर चढतंय. मॅप सेन्सरवर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) चालणाऱ्या गाडीत गळतीमुळे असं होऊ शकतं: व्हॅक्यूम कमी दिसला की ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) पेट्रोल वाढवतो. काकांची ती ऐकायची नळी सध्या शेजाऱ्यांकडे आहे.