आत्याची लेस, पांढरे अभ्रे

आज अख्खी दुपार अभ्र्यांना लेस लावण्यात गेली आणि इतकं छान वाटतंय ना! आत्याने क्रोशाने विणलेली सुती लेस, कापड नवी पेठेतनं आणलेलं कॉटन. दोन्ही कालच धुऊन ठेवलेलं, कारण सुती पहिल्या धुण्यात आटतं आणि लेस कमीजास्त आटली की कडेला चुण्या पडतात, मग कितीही इस्त्री करा. सोलापूरच्या उन्हात वाळायला वेळ लागतोच कुठे म्हणा.

सरळ बाजू मशीनवर घेतली, बारीक सुई, छोटा झिगझॅग, लेस अजिबात ताणायची नाही, नुसती कापडासोबत सोडत जायची. पण कोपरे हातानेच! तिथे लेस थोडी सैल घेऊन जवळजवळ टाचण्या लावायच्या, नाहीतर कोपरा आत ओढला जातो. लेसच्या काठातनं सुई घालून कापडाचे एकदोनच धागे उचलायचे, टाका वरून दिसतच नाही. आणि पुढे अभ्रा विरला तरी टाके अलगद उसवून लेस दुसऱ्यावर लावता येते, मला हे फार आवडतं, एवढ्या मेहनतीची वस्तू कापडाबरोबर का टाकायची?

आत्याला फोटो पाठवलेत, तिने टेबलक्लॉथची लेस विणायला घेतलीय.