बदलीची नोकरी, मुलांची शाळा आणि सोलापुरातले घर

माझी थोरली मुलगी पाचवीत जाईपर्यंत तिच्या तीन शाळा बदलून झाल्या होत्या. चौथीच्या वर्षी, आम्ही चिंचवडला असताना, तिने घरी येऊन वर्गातल्या मैत्रिणींची नावे सांगणे बंद केले आणि मी कारण विचारल्यावर "आपण इथे किती दिवस राहणार आहोत?" असा प्रश्न मलाच केला. माझी नोकरी बदलीची असल्यामुळे या प्रश्नाला माझ्याकडे खरे उत्तर नव्हते. त्यानंतर काही आठवड्यांतच अक्कलकोटच्या बदलीचा आदेश हातात पडला, तेव्हा यापुढे माझी बदली कुठेही झाली तरी मुलांची शाळा बदलणार नाही असे गाव शोधायचे, एवढे आम्ही दोघांनी सर्वांत आधी ठरवले.

योगायोगाने माझ्या पतींना त्याच सुमारास सोलापूरजवळच्या चिंचोळी औद्योगिक वसाहतीत काम मिळाले. ज्यांना हा परिसर माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते की अक्कलकोट सोलापूरच्या आग्नेयेला सुमारे ४० किलोमीटरवर आहे, तर चिंचोळी वायव्येला, पुण्याच्या महामार्गावर, शहरापासून पंधरा-वीस किलोमीटरवर आहे. म्हणजे दोघांच्या कामाच्या जागा बरोबर विरुद्ध दिशांना होत्या आणि मध्ये सगळे सोलापूर शहर होते. अक्कलकोटला राहिलो असतो तर पतींना रोज एका बाजूने साठएक किलोमीटर जावे लागले असते. मोहोळला राहिलो असतो तर त्यांचे काम सोपे झाले असते, पण मला सकाळी सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर गाठावे लागले असते, म्हणून मोहोळचा विचार आम्ही एका संध्याकाळीच सोडून दिला.

अक्कलकोटचा विचार मात्र इतक्या सहजासहजी सुटला नाही. कार्यालय घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर असणे हे सुख मी नोकरीच्या सोळा वर्षांत कधी अनुभवलेले नाही. श्री स्वामी समर्थांचे वास्तव्य १८५७ च्या सुमारापासून १८७८ पर्यंत त्या गावात होते आणि माझ्या सासूबाईंची स्वामींवर श्रद्धा आहे, त्यामुळे रोज वटवृक्ष मंदिरात जाता येईल या कल्पनेनेच त्या हरखल्या होत्या. भाडी परवडणारी होती, गाव आटोपशीर होते आणि मराठी शाळांबरोबर कन्नड माध्यमाच्याही शाळा असल्यामुळे सीमेवरच्या गावाचा मोकळेपणा तिथे होता. अडचण होती ती पतींच्या पाळ्यांची. पहिली पाळी सकाळी सातला सुरू होते, म्हणजे त्यांना पहाटे साडेपाचच्या आत निघावे लागले असते, आणि रात्रपाळी संपवून पेंगुळल्या डोळ्यांनी साठ किलोमीटर मोटारसायकल चालवत कुणी घरी यावे, हे मला मान्य होण्यासारखे नव्हते. रेल्वेचाही उपयोग नव्हता, कारण अक्कलकोट रोड हे स्थानक गावापासून सुमारे दहा किलोमीटर लांब आहे.

तरीही निर्णय खऱ्या अर्थाने ज्या गोष्टीने झाला ती अंतराची नव्हतीच. एका रविवारी आम्ही जिल्ह्याचा नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला आणि माझी पुढची बदली कुठे होऊ शकेल ते पाहू लागलो. सोलापूर जिल्ह्यात ११ तालुके आहेत. त्यांपैकी उत्तर सोलापूर आणि दक्षिण सोलापूर यांची कचेरी शहरातच आहे. अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढा, बार्शी आणि पंढरपूर ही गावे सोलापुरातून रोज जाऊन-येऊन करण्यासारखी आहेत, त्यांपैकी बार्शी आणि पंढरपूर जरा दमवणारी, सत्तर किलोमीटरच्या आसपासची. करमाळा आणि माळशिरस शंभराच्या पुढे जातात, तिथे बदली झाली तर वेगळा विचार करावा लागेल, हे आम्ही मान्य केले. पण अक्कलकोटला घर केले असते तर पुढची बदली मंगळवेढ्याला किंवा बार्शीला होताच पुन्हा बिऱ्हाड हलवावे लागले असते आणि मुलीच्या प्रश्नाला तेच उत्तर द्यावे लागले असते. सोलापुरातून रस्ते चहूकडे फुटतात. बदलीच्या नोकरीतल्या माणसाने आजच्या कार्यालयाजवळचे गाव शोधू नये, जिथून पुढची चार कार्यालये गाठता येतील असे गाव शोधावे, हे मला त्या दिवशी प्रथम नीट कळले.

सोलापूर ठरले, पण सोलापुरात कुठे, हा प्रश्न पहिल्यापेक्षाही अवघड निघाला. जुळे सोलापूर या उपनगरात आम्हाला एक सदनिका फारच आवडली होती. तीन खोल्या, दक्षिणेकडून वारा, गाडी लावायला जागा आणि समोर मुलांना खेळायला मोकळे मैदान. पण तिथून एसटी स्टँडवर येण्यासाठी रिक्षाने अर्धा तास धरावा लागतो आणि पतींना पुणे रस्त्याला लागण्यासाठी रोज दोनदा शहर ओलांडावे लागले असते. पुणे रस्त्यावरच्या बाळे गावाकडचा भाग त्यांच्या दृष्टीने उत्तम होता, परंतु मुलीसाठी मनात असलेल्या शाळा तिथून लांब पडत होत्या. तिसरा पर्याय मुरारजी पेठेतला. घर जुने, दोनच खोल्या आणि स्वयंपाकघर, भाडे जुळे सोलापूरच्या सदनिकेपेक्षा थोडे जास्तच. पण स्टँड पायी गाठता येईल असा, पुणे रस्ता हाताशी आणि दोन चांगल्या शाळा पायी दहा-बारा मिनिटांवर.

या दहा-बारा मिनिटांना आमच्या घरात एवढे महत्त्व का आले, ते सविस्तर सांगायला हवे. शासनाने २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत, अशी सूचना दिली. लहान मुलांची झोप पुरी व्हावी, हा त्यामागचा हेतू मला मनापासून पटतो. मात्र पाचवीपासूनचे वर्ग अनेक ठिकाणी हायस्कूलला जोडलेले असतात आणि त्यांचे सकाळचे सत्र सात-साडेसातलाच सुरू होते. आमची मुलगी पाचवीत आणि मुलगा पहिलीत, म्हणजे एकाच घरातून एक मूल सातला आणि दुसरे नऊला निघणार. पती पहिल्या पाळीला असले की सहा-सव्वासहाला घराबाहेर पडतात. मला कार्यालयात वेळेवर पोहोचण्यासाठी साडेआठची एसटी गाठावी लागते. मग नऊच्या शाळेला मुलाला कोण नेणार? सासूबाई सदुसष्ट वर्षांच्या आहेत, त्यांना गाडी चालवता येत नाही आणि चार रस्ते ओलांडून त्यांनी नातवाला न्यावे असे म्हणण्याची माझी हिंमत नाही. शाळा गल्लीतून गल्लीत, मोठा रस्ता न ओलांडता गाठता येण्यासारखी असेल, तरच आमचा दिवस उभा राहणार होता. चांगल्या सदनिकेचा मोह तिथे संपला.

सासूबाईंचे माहेर सोलापुरातल्याच बाळीवेशीतले आणि त्यांचे वडील गिरणी कामगार. सोलापुरात पहिली कापड गिरणी १८७७ मध्ये उभी राहिली आणि पुढे कितीतरी पिढ्यांचा दिवस गिरणीच्या भोंग्यावर चालला. त्या सांगतात की वडील भोंगा झाल्यावर घरातून निघत आणि तरी वेळेत पोहोचत, कारण घर, काम, शाळा आणि बाजार हे सगळे चालत जाण्याच्या टप्प्यात होते. आम्ही मुरारजी पेठेतले घर पाहून आलो तेव्हा त्यांनी खोल्यांची संख्या विचारली नाही. मंडई किती लांब आहे आणि दवाखाना कुठे आहे, एवढेच विचारले.

शाळा पाहण्यासाठी मी फेब्रुवारीत चार दिवसांची रजा काढली. एप्रिलमध्ये शाळा पाहण्यात अर्थ नसतो, कारण उन्हामुळे सगळ्या शाळा सकाळच्या होतात आणि जूनमधली गर्दी, वाहने, वेळा यांचा काहीच अंदाज येत नाही. प्रत्येक शाळेच्या फाटकासमोर मी सुटण्याच्या वेळी अर्धा तास उभी राहिले. एका शाळेसमोर रिक्षांची रांग होती. एका रिक्षात मी अकरा मुले मोजली, दप्तरे बाहेरच्या बाजूला हुकांना लटकवलेली आणि एका लहान मुलाचा पाय पायदानाच्या बाहेर आलेला. दुसऱ्या शाळेतून सुटलेली निम्मी मुले चालत निघाली. दोन मुली पेरू खात, वाटेत थांबून दुसऱ्या दोघींशी बोलत गेल्या. हे दृश्य पाहून माझे मत जितके बदलले, तितके ते कोणत्याही निकालाच्या टक्केवारीवरून बदलले नसते.

अर्थात वर्गातले शिक्षणही पाहिले. शिक्षणाचा हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी ३० मुलांमागे एक शिक्षक आणि सहावी ते आठवीसाठी ३५ मुलांमागे एक शिक्षक असावा लागतो, म्हणून मी प्रत्येक ठिकाणी एका तुकडीत किती मुले आहेत ते विचारले. उत्तरे देताना काही जण चाचरले, काहींनी थेट हजेरीपट दाखवला. मुलीचे गणित आणि विज्ञान इंग्रजीत, बाकीचे विषय मराठीत, असे सेमी माध्यम आधीपासून होते, ते पुढे चालू राहणे आवश्यक होते. एका नावाजलेल्या इंग्रजी शाळेत माझ्या सहा वर्षांच्या मुलाला एकट्याला आत बोलावून इंग्रजीत प्रश्न विचारले गेले आणि तो गप्प राहिला म्हणून "तयारी कमी आहे" असे आम्हाला ऐकवण्यात आले. प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची कसलीही चाळणी परीक्षा घेण्यास याच २००९ च्या कायद्याने स्पष्ट मनाई आहे. मी ते तिथेच सांगितले आणि मुलाचा हात धरून बाहेर पडले. तो वाटेत विचारत होता की त्याचे काय चुकले. त्याचे काहीही चुकले नव्हते, आणि ते त्याला पटवून देण्यात माझी सगळी संध्याकाळ गेली.

बदलीवर फिरणाऱ्या पालकांसाठी याच कायद्यातली आणखी एक तरतूद सांगून ठेवते. आधीच्या शाळेकडून दाखला येण्यास उशीर झाला, तरी त्या कारणावरून नवीन शाळेला प्रवेश नाकारता किंवा लांबवता येत नाही. मागच्या बदलीच्या वेळी मला हे माहीत नव्हते आणि मुलीचे तीन आठवडे घरी बसून वाया गेले.

पाण्याविषयी न लिहिणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. सोलापूरला मुख्यतः भीमेवरच्या उजनी धरणाचे पाणी मिळते. धरण शहरापासून शंभर किलोमीटरच्या पुढे आहे आणि नळाला पाणी रोज येत नाही. घर पाहताना मालकांच्या शब्दावर न थांबता आम्ही शेजारच्या दोन घरांत जाऊन किती दिवसांआड पाणी येते, रात्री येते की दिवसा, आणि मोटार लावावी लागते का, हे विचारले. मुरारजी पेठेतल्या घराला जमिनीखाली जुना हौद आहे, त्याचे झाकण उघडून मी स्वतः आत पाहिले. दोघेही नोकरीवर असताना पाणी भरण्याचा दिवस कसा निभावायचा, हाही प्रवासाइतकाच वेळेचा हिशेब आहे आणि तो कुठल्याही जाहिरातीत सापडत नाही.

आता माझा रोजचा प्रवास जाता-येता मिळून साधारण अडीच तासांचा आहे. अक्कलकोट रस्ता चौपदरी असल्याने गाडी सहसा रखडत नाही आणि मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट असल्यामुळे खर्चही झेपतो. फक्त गुरुवारी स्वामींच्या दर्शनाला जाणाऱ्यांची गर्दी असते. त्या दिवशी मी अर्धा तास आधीची गाडी धरते आणि पौर्णिमा गुरुवारी आली तर त्याहूनही आधीची. मी दमते, हे खरे आहे. संध्याकाळी घरी येते तेव्हा मुलांचा अभ्यास निम्मा झालेला असतो आणि पहिलीतल्या मुलाने त्या दिवशी शाळेत काय केले, ते मला सासूबाईंकडून कळते, याची रुखरुख आहे. पण हा शीण माझ्या वाट्याला आहे, मुलांच्या नाही, आणि तो तसाच असावा असे मला वाटते.

घराचा करार अकरा महिन्यांचा आहे. मालकांनी तो वाढवायची तयारी दाखवली आहे, तरीही आम्ही विकत घेण्यासाठी घर पाहायला सुरुवात केली आहे. दलालांना आम्ही खोल्यांची किंवा मजल्यांची अट घातलेली नाही. घर या दोन शाळांपासून एक किलोमीटरच्या आत असावे आणि मधे मोठा रस्ता नसावा, एवढेच सांगितले आहे. परवा मुलीने शेजारच्या गल्लीतल्या तीन मैत्रिणींची नावे सांगितली, त्यांपैकी एकीच्या घरी तेलुगू बोलतात आणि दुसरीच्या घरी कन्नड, आणि दिवाळीच्या सुट्टीत त्या चौघी मिळून किल्ला करणार आहेत.