तक्रार टचपॅडची, दुखणं बॅटरीचं

जॉबशीटवर लिहिलं होतं : टचपॅड क्लिक होत नाही, कर्सर आपोआप उडतो. त्याखाली लाल अक्षरांत : क्लेम नामंजूर, फिजिकल डॅमेज. लॅपटॉपची मालकीण मात्र काउंटरवरून हलायला तयार नव्हती. प्रबंध सादर करायची तारीख तिच्या डोक्यावर होती. "दादा, हा माझ्या हातून कधीच पडलेला नाही. टचपॅड एकदा बदलूनही झालाय. तुम्ही उघडून तरी बघा," एवढंच तिचं म्हणणं होतं.

मी आधी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये गेलो. तिथे विंडोजही नसतं आणि तिचे ड्रायव्हरही. तिथेही कर्सर उड्या मारत होता, म्हणजे दोष बहुधा हार्डवेअरचाच. मग चार्जर काढून पाहिला. टचपॅड बोटामुळे होणारा विद्युतधारितेतला इवलासा बदल मोजत असतो. सॉकेटला अर्थिंग नसेल तर चार्जरमधून येणारा नॉइज त्यात मिसळतो आणि कर्सर भरकटतो. इथे चार्जर काढूनही फरक पडला नाही.

मग स्टीलची पट्टी पामरेस्टवर, म्हणजे टाइप करताना तळहात टेकतात त्या टचपॅडभोवतालच्या भागावर, आडवी ठेवली. ती मधल्या उंचवट्यावर डोलू लागली आणि दोन्ही टोकांखालून उजेड दिसला. लॅपटॉप पडला तर कोपरा चेपतो, काच तडकते, निदान ओरखडा तरी उमटतो. यातलं काहीच नव्हतं. डॅमेज होतं हे खरं, पण दाब आतून वर आला होता.

मशीन बंद करून पालथं घातलं. शेवटचा स्क्रू सैल होताच खालचं कव्हर आपणहून वर आलं. बॅटरीच्या तीन सेलपैकी मधला, बरोबर टचपॅडखालचा, उशीसारखा फुगला होता. लिथियम-आयन सेलमधल्या इलेक्ट्रोलाइटचं विघटन झालं की गॅस तयार होतो, आणि सीलबंद पाउचमधून त्याला बाहेर पडायला वाट नसते. अशी बॅटरी दाबून पुन्हा आत बसवणारे लोक मी पाहिले आहेत. कृपा करून असं करू नका. सेलला भोक पडलं तर तो पेट घेऊ शकतो. मी आधी कनेक्टर काढला आणि प्लॅस्टिकच्या पात्याने कडेकडेने, अजिबात घाई न करता ती सोडवली. पाणी गेल्याचं दाखवणारं स्टिकर पांढरंच होतं.

बॅटरी बाजूला ठेवून नुसत्या चार्जरवर मशीन चालू केलं. टचपॅड तोच, पण आता क्लिक स्वच्छ वाजला आणि कर्सरही जागेवर राहिला.

खरी झटापट पुढेच होती. लॅपटॉपची वॉरंटी 3 वर्षांची, बॅटरीची 1 वर्षाची, आणि ते वर्ष उलटून गेलेलं. वॉरंटी डेस्कचं उत्तर आलं, "बॅटरी मुदतीबाहेर आहे. तिच्यामुळे झालेलं नुकसान आपण कसं भरणार?" नियमाला धरून होतं, पण मला पटेना. मी जुना जॉब काढला. पहिली तक्रार बॅटरीच्या मुदतीत नोंदलेली होती. कव्हर उघडल्यावरचा फोटोही जोडलेला होता. मोठा करून पाहिला, तर त्याच मधल्या सेलची फॉइल ताणून चकाकत होती आणि कड शेजारच्या दोन सेलपेक्षा वर आलेली. तक्रारीत टचपॅड लिहिलं होतं म्हणून टचपॅड बदलला गेला. खाली काय चाललंय, हे कुणी पाहिलंच नव्हतं. पार्ट बदलला म्हणजे दुरुस्ती झाली असं धरून चालणारे भेटतात, तेव्हा माझा जीव तुटतो.

दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावून पाठवले आणि फोन केला. "दोष मुदतीत होता, तिने तक्रारही मुदतीत केली. चुकीचा पार्ट आपण बदलला. त्याचा भुर्दंड तिला का?" पलीकडून बराच वेळ फक्त कीबोर्डचा आवाज. संध्याकाळी मंजुरी आली : बॅटरी, टचपॅड आणि पामरेस्टसुद्धा. वाकलेल्या पामरेस्टवर नवा टचपॅड बसवला असता तर तो एका बाजूने पुन्हा घट्ट झाला असता, म्हणून मी तोही मागितला होता.

लॅपटॉप न्यायला आली तेव्हा तिने विचारलं, "दादा, पुन्हा फुगेल का?" नाहीच फुगणार, असं मी कसं सांगू? दिवसरात्र 100 टक्के चार्जवर आणि उष्णतेत राहिली की बॅटरी लवकर बिघडते, एवढं सांगितलं आणि चार्जिंगची मर्यादा 80 टक्क्यांवर लावून दिली. क्लिक पुन्हा जड वाटला तर मशीन बंद करायचं, चार्जिंगला लावायचं नाही आणि थेट इकडे आणायचं, हेही बजावलं.