दुपारच्या रागांचा हंगाम : तयारीची वही

गेल्या हंगामाच्या शेवटच्या बैठकीत रात्री पावणेदहाला फर्माईश आली, भीमपलासी, म्हणजे दुपारचा राग. गायिका हसल्या आणि गायल्याही. चांगल्या गायल्या. पण पोटभर जेवण झाल्यावर कुणी पुढ्यात चहा-पोहे आणून ठेवावेत, तसं मला होत राहिलं. परत येताना हिशोब केला. परभणीतल्या आमच्या संगीत मंडळाच्या गेल्या चार वर्षांतल्या सगळ्या बैठका संध्याकाळी सातनंतरच्या. म्हणजे यमन, बागेश्री, मालकंस, फार तर पूरिया. सारंग एकदाही नाही. मुलतानी एकदाही नाही. सकाळच्या रागांना निदान दिवाळी पहाट तरी आहे, दुपारच्यांना कुणी वालीच नाही. लहानपणी आकाशवाणी परभणीवर भरदुपारी कुणीतरी सारंग गात असायचं आणि आई भाजी निवडत असायची. दुपारच्या रागांशी माझा संबंध तिथूनच.

म्हणून यंदाच्या सहा बैठका सहा वेगवेगळ्या वेळी ठेवायच्या, असं सभेत मांडलं. ज्यांच्या माळवदाच्या (मातीच्या धाब्याच्या) घरात आम्ही बसतो त्या काकू पहिल्यांदा बोलल्या, "दुपारी तीनला? अरे, लोकं जेवून आडवी पडलेली असतात. काहून येतील?" पेटीवाले भाऊ म्हणाले, "आणि आलेले तिथंच झोपायलेत असं दिसलं तर?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तरी ठराव पास झाला. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' म्हणून सगळे हसले आणि जबाबदारी माझ्या गळ्यात पडली.

जुलै, पहिला आठवडा

प्रहर म्हणजे तीन तास, एवढ्यावर भागत नाही, हे बसून गणित केल्यावर कळलं. प्रहर उगवती-मावळतीवर ठरतो. नोव्हेंबरच्या मध्यात परभणीत सूर्य साडेसहाच्या आसपास उगवतो आणि ५:४० च्या सुमारास मावळतो. दिवसाचे चार भाग केले की शेवटचा प्रहर २:५० च्या आसपास सुरू होतो. शिवाय भारतीय प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची आणि आपण ७६.८ च्या जवळ, म्हणजे आपला सूर्य घड्याळाच्या बावीस-तेवीस मिनिटं मागे. त्यामुळे सप्टेंबरातल्या सारंगाची बैठक ११:४५ ला सुरू करतोय, म्हणजे शुद्ध सारंग रंगात येईल तेव्हा ऊन खरोखर डोक्यावर असेल.

हा सगळा आटापिटा कशाला, असं एका सभासदानं विचारलं. रागांना ऋतू आणि प्रहर नेमून देणारा 'संगीत रत्नाकर' तेराव्या शतकात देवगिरीला, यादव राजा सिंघणाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवानं लिहिला. ते घराणं मूळचं काश्मीरचं, पण ग्रंथ आपल्या मातीत झाला. त्यातले राग आजचे नव्हेत हे खरं. तरी मराठवाड्यात बसून आपणच वेळ पाळायची नाही, हे मला जरा लाजिरवाणं वाटतं. (आमचे बरेच कलाकार मुंबईहून देवगिरी एक्स्प्रेसनं येतात. रात्री बसलं की सकाळी परभणी. दुपारच्या बैठकीला ही गाडी उलट जास्त सोयीची.)

जुलै, तिसरा आठवडा

आराखडा ठरला. सप्टेंबर, गणपती उठल्यावर, सारंग. कोजागरीला मध्यरात्र, ती सोपी, मसाला दूध असलं की लोक आपोआप येतात. डिसेंबरात गंगाखेडला, गोदावरीच्या घाटाजवळच्या एका वाड्यात पहाटे पावणेसहाला ललत आणि भैरव. परभणीची डिसेंबरातली थंडी ज्यांनी खाल्लीय त्यांना वेगळं सांगायला नको. त्या दिवशी तंबोरे आदल्या रात्रीच त्याच खोलीत नेऊन ठेवायचे, नाहीतर गार तारा चढतात आणि माणसं बसून खोली ऊबदार झाली की उतरतात. जानेवारीत सकाळी साडेआठला तोडी आणि जौनपुरी. फेब्रुवारीत एकच काय ती संध्याकाळ.

आणि नोव्हेंबर. माझा जीव अडकलाय तो यात.

साडेतीनला भीमपलासी, मग मुलतानी, मग मावळतीला मारवा. आरोहात भीमपलासी आणि मुलतानी यांचा सांगाडा एकच: नि सा ग म प नि सां. रिषभ-धैवत चढताना दोघांतही वर्ज्य, उतरताना सातही स्वर. पण भीमपलासीत गंधार-निषाद कोमल, मध्यम शुद्ध; मुलतानीत रिषभ, गंधार, धैवत कोमल, मध्यम तीव्र आणि निषाद शुद्ध. एकाच चौकटीत सगळं सामान बदलल्यासारखं. तो तीव्र मध्यम लागला की ऊन कलल्याचं कळतं. हे दोन राग पाठोपाठ, आपापल्या वेळेला, एका गळ्यातून ऐकायला मिळावेत एवढीच माझी हौस. ज्या गायकांना फोन केला ते दोन क्षण गप्प राहिले, मग म्हणाले, "मुलतानी मैफलीत गाऊन सहा वर्षं झाली असतील. वेळच कोण देतं?" बिदागीची बोलणी त्यानंतर दोन मिनिटांत आटोपली.

अडचण तंबोऱ्यांची. भीमपलासीला पहिली तार पंचमात. मुलतानीला एक तंबोरा पंचमाचा, दुसरा निषादाचा असा गायकांचा आग्रह. मारव्यात पंचमच नाही, तिथे पंचमाची तार चढवून निषाद किंवा धैवत करावी लागणार. मध्ये दहा मिनिटं खुंट्या पिळत बसलो तर सूर्य थोडाच थांबणार? म्हणून तिसरा तंबोरा हवा.

ऑगस्ट, दुसरा आठवडा

तिसरा तंबोरा मिळाला. एका सभासदांच्या आजोबांचा, मिरजेचा, वीसेक वर्षं कपाटावर पडून. भोपळा शाबूत, तारा गंजलेल्या. तीन पोलादी आणि खर्जाची पितळी, नवीन चढवल्या. आवाज मात्र मेलेला. तार छेडली की 'टण्' करून बंद.

इथे मी शहाणपणा केला. घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, चरा दिसला म्हणून बारीक पॉलिशपेपरनं स्वतःच घासली. कडेला जरा जास्तच घासलं गेलं आणि तार घोडीवर टेकायच्याऐवजी फरफरायला लागली. दुसऱ्या तारेला हात लावायच्या आत थांबलो, हे नशीब. मंडळींनो, जवारी काढणं, म्हणजे घोडी घासून तारेला गुंजन आणणं, हे कारागिराचं काम आहे, तिथं आपली हौस दाखवू नका. घोडी मिरजेला पाठवली, पंधरा दिवसांनी परत आली. मग सूत. तार आणि घोडीच्या मध्ये सुताचा तुकडा सरकवायचा आणि केसभर पुढे, केसभर मागे. एका जागी आवाज कोंडलेला, जरासं पुढं सरकवलं की पत्र्यासारखा, आणि या दोन्हींच्या मध्ये कुठंतरी एकदम खर्जातून गंधार वर येतो. कुणी न छेडलेला गंधार! पाऊण तास लागला. काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "आता बरोबर झालं बघ." त्यांना गाणं येत नाही, पण चाळीस वर्षं त्या घरात ऐकतायत.

ऑगस्ट, शेवटचा रविवार

आमच्याच विद्यार्थ्यांना घेऊन रंगीत तालीम केली, दुपारी साडेतीनला. माळवदाचं घर गाण्याला उत्तम. मातीच्या जाड भिंती, लाकडी खांब, आवाज घुमत नाही की मरतही नाही. सत्तर माणसं दाटीनं बसतात, माईक लागत नाही. बाहेर उकाडा होता, आत पंखा बंद करूनही बसवलं.

पण तंबोरा लागेना. दोघांनी लावला, मी लावला. पंचम लागला असं वाटायचं आणि परत कुठंतरी बोचायचं. शेवटी एका पोरानं मोबाइलवरचं कंपनसंख्या मोजणारं ॲप उघडलं. काळी एकच्या (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या) षड्जाला मंद्र, म्हणजे खालचा, पंचम १०४ हर्ट्झच्या आसपास येतो. आणि खोलीत कुठूनतरी १०० हर्ट्झची अखंड गुणगुण चालू. जुन्या ट्यूबलाइटचा चोक! आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून चोक १०० वर गुणगुणतो. म्हणजे इतकी वर्षं आमच्या बैठकीत एक उतरलेला पंचम फुकटात साथ करत होता आणि रात्री दिवे लावायचेच म्हणून कुणाच्या ध्यानातच आलं नाही. बटण बंद केलं. माळवदाच्या साण्यातून (छतातल्या झरोक्यातून) उन्हाचा एक पट्टा सतरंजीवर उतरला होता, तेवढ्या उजेडात पोरीनं भीमपलासीची नोम्-तोम् धरली. तंबोरा एका झटक्यात लागला. झोपलं कुणी नाही. म्हणजे एक जण झोपले, पण ते रात्रीच्या बैठकीतही झोपतात.

रात्रीच्या बैठकांसाठी बिनचोकचे पिवळे बल्ब आणलेत.

सप्टेंबरची काळजी तबल्याची आहे. हवेत ओल असली की चामडं सैलावतं, दायाँ (उजव्या हाताचा तबला) सारखा उतरतो. तबलजी दोन दायाँ आणणार आहेत. कोरडा चुना भरलेला डबा पेटीशेजारी ठेवायचा, असं त्यांनीच सुचवलं.

सभासद गेल्या वर्षी ४२ होते, आत्ता ५१ झालेत. वर्गणी तीच, १५०० रुपये. खेड्यांवरच्या सभासदांचा निरोप आहे की नोव्हेंबरात कापसाची वेचणी असते, बैठक रविवारीच ठेवा. ठेवली आहे.

आता उरली शेजारची पिठाची गिरणी. ती चारला सुरू होते, म्हणजे नेमकी मुलतानीच्या विलंबितात. गिरणीवाल्या मामांना भेटलो. ते ना हो म्हणाले ना नाही. रविवारी दळण जास्त असतं, ही त्यांची बाजू खरी आहे. तूर्त इतकंच ठरलंय की आमच्या ५१ घरांनी त्या आठवड्याचं दळण शनिवारीच उरकायचं, म्हणजे रविवारी रांग तरी कमी राहील.