टाकीवरच्या चार रेघा

नानांचा फोन आला तेव्हा मी नाशिकच्या अंबडला पत्रा दाबायच्या एका प्रेसखाली आडवा होतो. "भाऊ, गाडी पार दगड झालीय. तिघांना दाखवली. तिघंही म्हणतात, ते हायड्रॉलिक काढून फेका आणि साध्या स्प्रिंगा बसवा. तुम्ही एकदा बघता का?"

मी गाड्यांचा मेकॅनिक नाही. बावीस वर्षं अंबड एमआयडीसीत प्रेस शॉपच्या मेंटेनन्सला होतो. आता हायड्रॉलिकची सुटी कामं घेतो: ट्रॅक्टरची लिफ्ट, टिपरचा जॅक, लोडरचे सिलिंडर. नानांच्या ट्रॅक्टरची लिफ्ट मीच उघडली होती, म्हणून त्यांना माझं नाव आठवलं. गाडी जुनी, भलीमोठी, जपानी. बटण दाबलं की खाली बसणारी, वर उठणारी. असल्या गाडीला मी तोवर हात लावला नव्हता. पण आत तेल, पंप, सिलिंडर आणि नायट्रोजनचे गोळे आहेत म्हटल्यावर रविवारी निघालो.

नानांचा मळा पिंपळगाव बसवंतच्या पुढे. जानेवारीचे दिवस, ओझर सोडलं तरी काचेवरचं दव उतरेना. निफाडकडची थंडी ज्याला माहीत आहे त्याला वेगळं सांगायला नको. द्राक्षं काढणीला आलेली, पॅकिंग शेडमध्ये क्रेटची थप्पी, आणि शेडच्या एका कोपऱ्यात ही गाडी.

आधी मी नानांना विचारलं, एवढा खर्च करून हेच का टिकवायचं? तिघं म्हणतात ते सोपं आहे, स्वस्तही आहे. नाना काही बोलले नाहीत. ओट्यावर बसलेल्या त्यांच्या आईकडे त्यांनी नुसतं बघितलं. वय ऐंशीच्या पुढे, दोन्ही गुडघे गेलेले. नानांच्या धाकट्या मुलाने बटण दाबलं, गाडी हळूहळू खाली बसली आणि आजी नातवाच्या खांद्याला धरून आत बसल्या. साध्या स्प्रिंगांवर त्या गाडीत आजींना उचलूनच ठेवावं लागलं असतं. मग शेतातल्या गाडीवाटेने चक्कर मारली. प्रत्येक खड्ड्याला अख्खी गाडी ठणकत होती. आजींनी पुढच्या सीटला दोन्ही हातांनी धरलं होतं आणि नातवाने त्यांच्या पाठीमागे हात घातला होता. तक्रार एकदाही नाही. परत आल्यावर मी म्हणालो, नाना, हे आपण करू.

तिघांनीही पंप गेला असं सांगितलं होतं. मला ते पटेना. पंपात जोर नसता तर गाडी उठलीच नसती. ती उठत होती, बसत होती, रात्रभर उभी राहिली तरी कुठे तेलाचा थेंब नव्हता. सिलिंडर ठीक, पंप ठीक, पण चाल कडक. प्रेसवर हे लक्षण मी अनेकदा पाहिलंय. तिथे अॅक्युम्युलेटरमधला, म्हणजे दाबाखालचं तेल साठवणाऱ्या भांड्यातला, नायट्रोजन गेला की मशीन असंच दणके देतं. तेल दाबलं जात नाही, दाबला जातो तो गॅस. या गाडीतही चाकागणिक एक लोखंडी गोळा असतो. आत रबराचा पडदा, पडद्याच्या एका बाजूला नायट्रोजन, दुसऱ्या बाजूला तेल. चाक खड्ड्यातून वर आलं की तेल गोळ्यात शिरतं, गॅस आक्रसतो आणि माणसाला धक्का बसत नाही. पुढे टॉर्शन बार, म्हणजे पिळाच्या जोरावर वजन पेलणाऱ्या लोखंडी दांड्या, आणि मागे कॉइल स्प्रिंग आहेतच, ते वजनाचा काही भाग घेतात. पण गादी म्हणाल तर ती त्या गॅसची. आणि गॅस वर्षानुवर्षं रबरातून थोडा थोडा झिरपून जातोच. कोणाची चूक नसते त्यात.

याची एक परीक्षा आहे, ती कोणालाही घरी करता येते. सपाट जागेवर गाडी सगळ्यात खाली बसवायची आणि तेलाच्या टाकीवर पातळी कितव्या रेघेला आहे ते बघायचं. मग सगळ्यात वर उचलायची, पुन्हा बघायचं. या मॉडेलला नव्या गोळ्यांवर साधारण १४ रेघांचा फरक पडतो. सातच्या खाली गेला की गोळे संपले असं धरतात. कारण सरळ आहे. गोळ्यात गॅस असेल तर दाब वाढताना तो आक्रसतो आणि तेवढं तेल टाकीतून गोळ्यात जातं. गॅसच नसेल तर पडदा भिंतीला चिकटलेला, तेलाला जायला जागा नाही. धाकट्याने मोबाइलच्या उजेडात रेघा मोजल्या. दोनदा मोजल्या. "काका, चारच."

मी ओट्यावर बसून चहा घेतला. बरं वाटलं, कारण आता दुखणं कळलं होतं.

टाकीतल्या तेलाची मात्र मला भीती होती. मध्यंतरी कोणीतरी, गाडी वर असताना पातळी कमी दिसली म्हणून, वरून काहीतरी ओतलं होतं. गाडी खाली बसवल्यावर तेच तेल टाकीतून बाहेर सांडलं. पण ओतलं काय होतं? अशा सिस्टीमची सीलं खनिज तेलासाठी बनवलेली असतात. त्यात ब्रेक ऑइल पडलं तर सीलं फुगतात, मऊ पडतात आणि गाडी खरंच कायमची बसते. मी सिरिंजने टाकीतलं थोडं तेल काढलं आणि आजींच्या पाण्याच्या पेल्यात सोडलं. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं, खनिज तेल वर तरंगतं. आम्ही तिघं पेल्यात वाकून बघत राहिलो. काळपट तेल वर आलं, गोल पसरलं आणि तसंच राहिलं. वाचलो. तो पेला नंतर मी स्वतः राखेने घासून दिला.

चार गोळे, त्यांची सीलं, ब्लीडरचे (तेल-हवा सोडायच्या बारीक तोटीचे) नवे निपल आणि याच सिस्टीमसाठीचं तेल, अडीच लिटरचे डबे, असं सगळं मुंबईहून यायला तीन आठवडे लागले. मधे नानांचा एकदा फोन आला, टायरवाल्याकडचा नायट्रोजन भरून चालेल का? नाही चालत. या गोळ्यांना भरायचा व्हॉल्वच नसतो आणि टायरचा दाब या कामात कुठेच लागत नाही. व्हॉल्व असता तरी हवा किंवा ऑक्सिजन भरायचा विचारसुद्धा करायचा नाही. दाबाखालचं तेल आणि ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो. प्रेस शॉपमध्ये नव्या पोराला आम्ही पहिल्या दिवशी हेच सांगायचो.

आता त्या दुसऱ्या रविवारचं सांगतो.

सकाळी आठला पोचलो. पहिला एक तास मी गाडीला हात लावला नाही, फक्त आधार लावले. चॅसीखाली चार लोखंडी स्टँड, त्यांच्याखाली जाड फळ्या, चाकांना ठोकळे, आणि मागच्या दोन्ही चाकांजवळ चॅसीखाली रेल्वेच्या जुन्या स्लीपरचे तुकडे. धाकटा कंटाळला. "काका, गाडी उभी तर आहे ना." मी त्याला सांगितलं, ती तेलावर उभी आहे. तेल सुटलं की तिला उभं राहायला दुसरं काही नाही. हायड्रॉलिकने उचललेल्या वस्तूखाली डोकंच काय, हातसुद्धा घालायचा नाही. स्टँड आणि चॅसीत मी दोन बोटांपेक्षा जास्त फट ठेवली नाही.

डाव्या मागच्या ब्लीडरवर गंज चढलेला. गंज सोडवायचं तेल मारून अर्धा तास थांबलो. तेवढ्यात धाकट्याने विचारलं, हे डोकं कोणाचं? त्याला सांगितलं, फ्रान्समधल्या सिट्रोएन कंपनीत पॉल माजेस म्हणून इंजिनिअर होता, त्याचं. १९५४ मध्ये आधी एका गाडीच्या फक्त मागच्या चाकांना लावून बघितलं, आणि १९५५ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात चारही चाकांवर ही सिस्टीम असलेली डीएस आली. १९६२ मध्ये राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्या डीएसवर गोळीबार झाला, टायर फुटले, तरी ड्रायव्हरने गाडी न थांबवता बाहेर काढली. धाकटा म्हणाला, "टायर फुटूनसुद्धा?" मी म्हणालो, अरे, गॅस होता ना गोळ्यांत.

चष्मा लावला, पाना चढवला. निपल जरासा फिरला आणि मुळाशी तुटला.

साठ-सत्तर बारचं तेल म्हणजे पाणी उडावं तसं उडत नाही. बारीक, सरळ धार आली आणि शेडच्या पत्र्यावर आवाज करत आदळली. त्याच क्षणी मागचा भाग खाली आला. धप्प. चॅसी स्टँडवर टेकली, फळी करकरली आणि थांबली. दोन बोटं. तेवढंच. पण धाकटा मागच्या चाकापाशी उकिडवा बसला होता. खाली पडलेली टॉर्च घ्यायला त्याने हात पुढे केलेला. हात बंपरच्या खाली नव्हता, जवळ होता. त्याने तो मागे घेतला आणि काही न बोलता उठून उभा राहिला. नाना क्रेटवर बसले होते ते उठून आले आणि मुलाचा हात हातात घेऊन बघत राहिले, जणू काही झालंच आहे. मीही पाच मिनिटं काम थांबवलं. हातांना कंप सुटला होता.

त्यानंतर धाकटा प्रत्येक वेळी मला विचारून पुढे आला.

तुटलेला तुकडा एक्स्ट्रॅक्टरने काढायला तास गेला. बाकीचे तीन ब्लीडर शांतपणे सुटले. सगळा दाब उतरल्याची खात्री झाल्यावर गोळे काढले. ते एवढे घट्ट बसले होते की पान्याला चार फुटी पाइप लावून आम्ही दोघं लोंबकळलो. चौथा गोळा हातात घेतल्यावरच कळलं, तो इतरांपेक्षा जड होता. उलटा धरला तर तेल थांबेचना. पडदाच फाटलेला, गॅसच्या जागी तेल भरलेलं. बाकी तिघांत पडदा शाबूत होता, गॅस जवळजवळ नव्हता. जुने गोळे भंगारवाल्याला तसेच द्यायचे नाहीत आणि ग्राइंडर लावायचा नाही, हे नानांना बजावून सांगितलं. आत थोडा दाब उरलेला असू शकतो.

एक गोष्ट मला स्वतःला नवीन होती. धाकट्याने लॅपटॉप जोडला तर पुढच्या बाजूच्या तेलाचा दाब ८.१ मेगापास्कल, म्हणजे ८१ बार, दाखवत होता, हवा होता सातच्या आसपास. टॉर्शन बार वर्षानुवर्षांच्या वजनाने ढिले पडले होते आणि त्यांच्या वाटचं ओझं तेलावर येत होतं. साध्या गाडीत टॉर्शन बारचा बोल्ट आवळला की गाडी वर उठते. इथे उंची कॉम्प्युटर सांभाळतो, म्हणून बोल्ट आवळला तरी उंची तीच राहते, फक्त तेलावरचा भार कमी होतो. पुढचा भाग उचलून दोन्ही बाजूंना सारखे फेरे दिले, खाली आणून वाचलं. फेऱ्यामागे साधारण ०.२ ने उतरत गेलं. पाच फेऱ्यांनी ७.१ वर आणलं. हे न करता नुसते गोळे बदलले असते तर नवे गोळेही लवकर थकले असते.

ताजं तेल भरून, एकेका चाकाची हवा काढून, गाडी खाली-वर करेपर्यंत ऊन उतरलं. धाकट्याने रेघा मोजल्या. "तेरा, काका." पुन्हा वाकून मोजल्या. तेराच.

नाना म्हणाले, आईला घेऊन हायवेपर्यंत जाऊन येऊ. गाडी खाली बसली, आजी चढल्या, नातू सवयीने त्यांच्या शेजारी पाठीमागे हात घालून बसला. त्याच गाडीवाटेने निघालो, तेच खड्डे. मी पुढे बसून फक्त कानाने ऐकत होतो. ठणका कुठे येतोय का, मागे काही वाजतंय का. हायवेला लागल्यावर मी नानांना सांगायला लागलो की पुढच्या थंडीत पहाटे गाडी किंचित जास्त कडक वाटली तर घाबरू नका, पाच अंशांवर गॅसचा दाब तीस अंशांपेक्षा आठ टक्क्यांनी कमी असतो.

नानांनी आरशात बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला भाऊ. आईला झोप लागलीय."